पिन निसटू नये म्हणून: तीन मिमी तारेची आर-क्लिप आखण्यापासून बसवण्यापर्यंत

ट्रॅक्टरमागच्या अवजारात दोन भाग जोडणारी क्लेविस पिन सहसा मोडत नाही, ती निसटते. पिन आणि भोक यांच्यात थोडा ढिलेपणा असतोच, आणि शेतात अवजार सतत थरथरतं. प्रत्येक धक्क्याला पिन केसभर सरकते आणि तासाभरात भोकाबाहेर येते. हे रोखायला खूप ताकद लागत नाही. पिनच्या टोकाला आडवं भोक पाडून त्यात काहीतरी अडकवलं की काम होतं.

ते 'काहीतरी' तीन प्रकारचं असतं. स्प्लिट पिन स्वस्त आणि खात्रीची असते, पण तिचे पाय एकदा फाकवून परत सरळ केले की ती फेकायची. दुसऱ्यांदा वापरली तर ऐनवेळी तुटते. लिंच पिन म्हणजे जाड दांडा आणि त्याला स्प्रिंगची रिंग. ती मजबूत असते, पण घरी बनवण्यासारखी नाही. तिसरी आर-क्लिप, कुणी तिला आर-पिन म्हणतं, कुणी बीटा पिन, कुणी नुसतं 'हेअरपिन दे' म्हणतं. एका गोल तारेचा तुकडा वळवून केलेली, पक्कड-हातोडा न लागता हाताने बसणारी आणि हाताने निघणारी. अवजार बदलताना रोज काढ-घाल करायची असेल तर हीच.

बाजारात तयार आर-क्लिप थोड्या पैशांत मिळते. पाकिटावर 'डीआयएन ११०२४' असेल तर ती या प्रकाराच्या जर्मन मानकाप्रमाणे बनवलेली आहे (लिंच पिनचं मानक ११०२३). आपल्या मापाची मिळत असेल तर सरळ विकत घ्या. पिनचा व्यास वेगळा आहे, जागा अडचणीची आहे, जुन्या यंत्राची क्लिप मिळत नाही, किंवा स्वतःच्या फॅब्रिकेशनमध्ये पन्नास-शंभर नग लागणार आहेत, अशा वेळी पुढचा खटाटोप कामाचा.

आधी काम ठरवा, मग तार

आर-क्लिपबद्दल सगळ्यात जास्त दिसणारा गैरसमज हा की ती 'मजबूत' हवी, म्हणून जाड तारेची हवी. क्लिपवर ओढीचा भार येतच नाही. उदाहरण म्हणून १६ मिमी व्यासाची, ईएन८ (मध्यम कार्बनच्या) स्टीलची क्लेविस पिन घेऊ. तिच्या छेदाचं क्षेत्रफळ २०१ चौरस मिमी. दोन पट्ट्यांच्या मध्ये एक कान असल्यामुळे ती दोन ठिकाणी कातरली जाते, म्हणजे ४०२ चौरस मिमी. कातर-ताण चौरस मिमीला ८० न्यूटन एवढाच धरला तरी ही पिन ३२,००० न्यूटन, म्हणजे सव्वातीन टनांच्या आसपास ओढ सहन करते. ही सगळी ओढ पिन आणि पट्ट्या झेलतात. क्लिपने फक्त एवढंच पाहायचं की पिन आडवी सरकणार नाही.

मात्र पिनवर बाजूने सतत रेटा येत असेल, म्हणजे उतारावर अवजार एका अंगाला ढकललं जातं किंवा कान तिरका बसून पिनला बाहेर लोटतो, तर आर-क्लिप चुकीची निवड आहे. तिथे पिनला नट किंवा लॉक-प्लेट द्या. उचलण्याच्या हुकात, ब्रेक-स्टिअरिंगमध्ये आणि ट्रॅक्टरकडून अवजाराला शक्ती देणाऱ्या फिरत्या पीटीओ शाफ्टवर ही क्लिप लावायचीच नाही. फिरणाऱ्या भागावर तिची शेपटी कपड्यात अडकते.

तर आपलं काम असं: पिन १६ मिमी, दोन बाजूंच्या पट्ट्या प्रत्येकी १० मिमी, मधला कान २० मिमी, म्हणजे पकड ४० मिमी, त्यावर ३ मिमी जाड वॉशर, आणि टोकाला आर-क्लिप.

आकाराची नावं

कागदावर आडवी रेघ मारा. हा क्लिपचा सरळ पाय. तो पिनच्या आडव्या भोकातून आरपार जातो. त्याच्या मागच्या टोकाला तार गोल फिरते, तो डोळा. डोळ्यातून बाहेर आलेला दुसरा पाय आधी सरळ पायाकडे झुकतो, मग पिनच्या अर्ध्या गोलाईला कवेत घेणारी खोबण करतो, पुन्हा खाली येतो आणि शेवटी वर उघडतो. खोबणीपुढच्या अरुंद जागेला गळा म्हणू आणि शेवटच्या उघडलेल्या टोकाला ओठ. ओठ पिनवर चढतो, गळा फाकून पिनवरून घसरतो आणि पिन खोबणीत बसते. बसताना 'टक्' असा आवाज यायला हवा. तो आला नाही तर गळा पुरेसा अरुंद नाही.

मापं सरळ पायाच्या मध्यरेषेपासून वर आणि डोळा संपतो तिथून पुढे मोजायची. तार ३ मिमी धरू. पिनची त्रिज्या ८ आणि तारेची निम्मी जाडी १.५, म्हणजे बसलेल्या क्लिपच्या खोबणीची मध्यरेषा सरळ पायापासून ९.५ मिमीवर येईल. आपण ती मोकळ्या स्थितीत ९ मिमीवर ठेवायची. ही अर्ध्या मिमीची चोरी महत्त्वाची, कारण तिच्यामुळे बसल्यावरही क्लिप पिनला एखाद किलोच्या जोराने धरून राहते आणि खडखडत नाही. खडखडणारी क्लिप भोकाच्या कडेवर घासत राहते आणि तिथेच तुटते.

गळ्याची उंची मोकळ्या स्थितीत ५ मिमी. म्हणजे पिनवरून जाताना गळ्याला ५ वरून ९.५ पर्यंत, ४.५ मिमी उघडावं लागेल. खोबणीचा मध्य डोळ्यापासून २४ मिमीवर, गळा ३५ मिमीवर, ओठाचं टोक ४५ मिमीवर. सरळ पाय ५२ मिमीचा. तो ओठापेक्षा लांब असायलाच हवा. सरळ पाय भोकात शिरून रस्त्याला लागला, की मगच ओठ पिनला टेकला पाहिजे. दोन्ही एकदम टेकले तर बसवणाऱ्याला तिसरा हात लागतो. डोळ्याचा मध्यरेषेवरचा व्यास १४ मिमी.

हे एकास-एक मापात कागदावर काढा. सेंटिमीटरचा आलेखकागद सगळ्यात सोयीचा. नाण्याने गोल काढून 'साधारण असं' करू नका. गळ्यातला एक मिमी इकडे-तिकडे झाला तरी क्लिप एकतर बसत नाही किंवा राहत नाही.

ताणाचा हिशेब

हा हिशेब टाळून तार वळवायला घेणारे पुष्कळ, पण इथेच डिझाइन ठरतं. पदविकेच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाचं गणित पुरतं.

गळा उघडतो तेव्हा दोन गोष्टी वाकतात: दोन्ही पाय, आणि डोळा. दोन्ही पाय ३५ मिमीचे कॅन्टिलिव्हर (एकाच टोकाला पक्के धरलेले दांडे) धरले तर त्यांचा वाटा म्हणजे २ गुणिले लांबीचा घन भागिले ३, म्हणजे २८,५८३. डोळा साधारण पाऊण वेढ्याचा, त्रिज्या ७, म्हणून त्यातली तार ३३ मिमी. त्याचा वाटा म्हणजे पायाची लांबी अधिक त्रिज्या (४२) यांचा वर्ग गुणिले ३३, म्हणजे ५८,२१२. बेरीज ८६,७९५.

आता तारेचा ताठरपणा. गोल छेदाचा मोमेंट ऑफ इनर्शिया म्हणजे ३.१४ गुणिले व्यासाचा चौथा घात भागिले ६४. तीन मिमीला तो ३.९७६ येतो. स्प्रिंग स्टीलचा यंग्ज मॉड्युलस २,०६,००० न्यूटन प्रति चौरस मिमी. गुणाकार सुमारे ८,१९,०००. वरच्या बेरजेला याने भागलं की ०.१०६ येतात: एक न्यूटन जोराला गळा ०.१०६ मिमी उघडतो. आपल्याला ४.५ मिमी हवेत, म्हणून जोर साडेबेचाळीस न्यूटन, सव्वाचार किलोच्या आसपास.

सर्वांत जास्त ताण डोळ्याच्या पाठीवर येतो. तिथला मोमेंट म्हणजे ४२.५ गुणिले ४९ (पाय ३५ अधिक डोळ्याचा व्यास १४), म्हणजे २,०८२ न्यूटन-मिमी. गोल तारेसाठी याला ३.१४ गुणिले व्यासाचा घन भागिले ३२, म्हणजे २.६५ ने भागायचं: ७८५. पण तार आधीच वळलेली आहे, आणि वळणाच्या आतल्या कडेला ताण सरळ तारेपेक्षा जास्त असतो. डोळ्याचा व्यास तारेच्या ४.६७ पट आहे. त्या प्रमाणाला हा वाढीचा गुणक १.१९ येतो. म्हणजे खरा ताण सुमारे ९३४ न्यूटन प्रति चौरस मिमी.

आयएस ४४५४ भाग १ (स्प्रिंग तारेचं भारतीय मानक) मधल्या एसएम, म्हणजे मध्यम कडक, प्रतीच्या ३ मिमी तारेची ताणशक्ती सुमारे १,६०० ते १,८०० असते. वाकवण्याच्या कामाला तिच्या ७० टक्क्यांपर्यंत जायला हरकत नाही, म्हणजे १,१०० च्या वर थोडं. आपले ९३४ त्यात आरामात बसतात.

आता गंमत पाहा. उघडण्यातला दोन तृतीयांश वाटा एकट्या डोळ्याचा आहे. तो काढून टाकून तार नुसती केसांच्या पिनेसारखी ८ मिमी व्यासाच्या अर्ध्या वळणाने परतवली, तर त्याच ४.५ मिमीला जोर ७७ न्यूटन लागतो आणि वळणाच्या आत ताण १,७५० च्या घरात जातो. तो तारेच्या ताणशक्तीलाच भिडतो. अशी क्लिप पहिल्याच वेळी फाकून तशीच राहते. उलट डोळा १४ ऐवजी १८ मिमीचा केला तर ताण ७६० वर येतो.

आणि तार जाड केली तर? ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. ४ मिमी तारेला तेवढंच उघडायला १३४ न्यूटन, पावणेचौदा किलो लागतील, आणि ताण १,३३० होईल. त्यात ४ मिमी तारेची ताणशक्ती मुळात थोडी कमी असते (तार जितकी बारीक ओढली जाते तितकी ती कडक होते). म्हणजे जाड क्लिप हाताने बसत नाही, माणूस ती हातोडीने ठोकतो, ती फाकते, आणि दुसऱ्या दिवशी शेतात गळून पडते. क्लिप टिकाऊ हवी असेल तर तार नाही, डोळा मोठा करा.

बसवायला लागणारा जोर गळ्याच्या जोराएवढाच नसतो. तो ओठाच्या उतारावर ठरतो. ओठ सरळ पायाशी ३० अंशाचा कोन करत असेल तर घर्षण धरून साधारण साडेचार किलोने ढकलावं लागतं. खोबणीकडून गळ्यात उतरणारा भाग ४५ अंशाचा ठेवला तर काढताना सात किलोच्या आसपास ओढ लागते. बसायला सोपी आणि निघायला थोडी कठीण, हेच हवं. डोळ्यात बोट घालून सात किलो ओढणं जड नाही, आणि पाचट अडकून एवढी ओढ सहजी येत नाही.

तार निवडताना

दुकानात मिमीपेक्षा गेज चालतो. एसडब्ल्यूजी (तारेच्या जाडीचं जुनं ब्रिटिश माप) १० म्हणजे ३.२५ मिमी, ११ म्हणजे २.९५, १२ म्हणजे २.६४ आणि ८ म्हणजे ४.०६. आपल्या कामाला अकरा गेज. दुकानदाराच्या शब्दावर न जाता व्हर्निअरने मोजून घ्या.

जीआय (जस्त चढवलेली मऊ) तार, बाइंडिंग वायर आणि स्प्रिंग वायर दुरून सारख्याच दिसतात. फूटभर तुकडा हातात घेऊन कमान करा आणि सोडा. जीआय कमानीतच राहील, स्प्रिंग तार सटकन सरळ होईल. कुंपणाच्या किंवा पॅकिंगच्या तारेची आर-क्लिप करण्यात अर्थ नाही.

एसएल प्रत थोडी मऊ, एसएच जास्त कडक. एसएच घेतली तर क्लिप जोरदार होते, पण लहान वळणाला तडकण्याचा धोका वाढतो. सुरुवातीला एसएमच बरी. समुद्राकाठच्या कामासाठी, म्हणजे कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर होड्यांच्या किंवा पंपांच्या जोडांना, स्टेनलेस स्प्रिंग वायर घ्यावी लागते. तिचा मॉड्युलस आणि ताणशक्ती दोन्ही थोडी कमी, म्हणून डोळा एक-दोन मिमी मोठा ठेवा.

अशा एका क्लिपला साधारण १५० मिमी तार लागते. कापताना १५५ घ्या. वजन साडेआठ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे किलोभर तारेत एकशेदहा-पंधरा नग निघतात.

पिनमधलं आडवं भोक

भोक ३.५ मिमीचं. तारेपेक्षा अर्धा मिमी जास्त ठेवा, कारण सरळ पाय आत जाताना थोडा कलतो. जागा: पकड ४०, वॉशर ३, एक मिमी मोकळीक आणि भोकाची त्रिज्या १.७५, बेरीज पावणेशेहेचाळीस, म्हणून डोक्याच्या आतल्या कडेपासून ४६ मिमीवर मध्य. पिनचं टोक त्यापुढे ८ मिमी. पिनची दांडी एकूण ५४ मिमी. एका मिमीपेक्षा जास्त मोकळीक ठेवली तर पिन पुढे-मागे खेळते आणि प्रत्येक धक्का वॉशर क्लिपवर आदळवतो.

गोल दांड्यावर बरोबर मध्यातून भोक पाडणं हेच यातलं कौशल्याचं काम. पिन व्ही-ब्लॉकवर आवळा. ड्रिल मशीनमध्ये सेंटर ड्रिल लावा. दांड्याच्या माथ्यावर पातळ पोलादी पट्टी आडवी ठेवून सेंटर ड्रिलचं टोक तिच्यावर अलगद टेकवा. पट्टी एका बाजूला कलली तर टोक मध्यावर नाही. पट्टी ज्या बाजूला खाली कलली त्याच बाजूला ब्लॉक सरकवा. पट्टी टेबलाशी समांतर राहिली की मध्य सापडला. आता पट्टी काढा, सेंटर ड्रिलने खूण करा, मग साडेतीनचा ड्रिल लावा. मधूनमधून बर बाहेर काढत, सोल्युबल ऑइल टाकत खाली जा. ड्रिल खालच्या बाजूने बाहेर पडताना हात हलका ठेवा, बारीक ड्रिल तिथेच मोडतो.

भोकाच्या दोन्ही तोंडांना अर्धा-पाऊण मिमी चॅम्फर द्या, म्हणजे कड तिरकी घासून धार मोडा. हे न केलेल्या पिना बाजारातही सर्रास दिसतात. धारदार कड तारेवर ओरखडा काढते, आणि स्प्रिंग तारेवरचा ओरखडा म्हणजे तुटण्याची सुरुवात. पिन हार्डन करायची असेल तर भोक आधी पाडा.

वळवण्याची जिग

जिग म्हणजे प्रत्येक नग सारखाच वळवणारा साचा. दहा-बारा मिमी जाडीच्या एमएस (साध्या पोलादाच्या) पाट्यावर कागदावरचं चित्र डकवा आणि पंचने खुणा करा. पाट्यात तीन खुंट्या लागतात: डोळ्याला १० मिमीची, खोबणीला १५ मिमीची, गळ्याच्या उलट्या वळणाला ८ मिमीची. शिवाय सरळ पाय धरून ठेवायला दोन लहान खुंट्यांची खाच. जुन्या ड्रिलच्या शँकचे तुकडे खुंट्या म्हणून छान चालतात, कारण ते झिजत नाहीत.

खुंट्या आकृतीतल्या मापापेक्षा बारीक का, तर स्प्रिंग तार सोडली की उलगडते. आपल्या तारेला १० मिमीच्या खुंटीवर वळवलं की डोळ्याचा आतला व्यास पावणेअकराच्या आसपास होतो. आकृतीतला १४ चा मध्यव्यास म्हणजे आतून ११, तेव्हा हे पुरेसं जवळ आहे. कोनही पाच टक्के परततो. पाऊण वेढा हवा असेल तर तेरा-चौदा अंश जादा वळवा. खोबणीची आतली त्रिज्या ८ हवी, तिथे १५ मिमीची खुंटी साडेसात त्रिज्येची पडते आणि उलगडून आठच्या जवळ येते. तारेचा प्रत्येक नवा बंडल थोडा वेगळा वागतो, म्हणून पहिले दोन-चार नग चाचणीचेच समजा आणि मग खुंट्यांच्या जागा पक्क्या करा.

तार कापायला बोल्ट कटर वापरा. साध्या पक्कडीची धार जाते. कापताना तुकडा उडतो, म्हणून डोळ्यावर चष्मा हवाच, आणि तुटणारं टोक जमिनीकडे धरा. कापलेल्या टोकाची धार ग्राइंडरवर गोल करा. सरळ पायाच्या टोकाला लांबट उतार द्या, अंधारातही ते भोकात सापडलं पाहिजे. ग्राइंडरवर टोक निळं पडू देऊ नका.

आधी डोळा वळवा, मग सरळ पायाकडचा पहिला झोक, मग खोबण, मग गळा, शेवटी ओठ. हातात घेतलेल्या नळीच्या तुकड्यात तारेचं टोक खुपसून वळवलं तर जोर एकसारखा लागतो. हातोडीने ठोकून तार वळवू नका आणि पक्कडीच्या दातांनी पकडू नका. दातांची खूण पाठीवर राहिली तर तिथूनच तुटेल. आणि एक सांगून ठेवतो: वळत नाही म्हणून गॅसने लाल करायचा मोह होतो. ओढून कमावलेली तारेची सगळी कडकाई त्या एका झळीत जाते, आणि उरतो तो साधा लोखंडी हुक.

भट्टी, प्लेटिंग, पहिली उघडझाप

वळवल्यावर तारेत अंतर्गत ताण राहतात. ते घालवायला क्लिपा २२० ते २५० अंश सेल्सिअसवर अर्धा तास ठेवा. तापमान नेमकं दाखवणारी भट्टी असेल तर उत्तम. तार फिकट पिवळसर झाली की ठीक. निळसर झाली तर तापमान जास्त गेलं. स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये तेलकट तारा घालू नका. या उष्णतेत कार्बन स्टीलचा डोळा किंचित आवळतो, तर स्टेनलेसचा किंचित सैल होतो. त्यामुळे गळ्याचं शेवटचं माप भट्टीनंतर घ्या.

झिंक प्लेटिंग करून घेणार असाल तर थोडं थांबा. इतक्या कडक तारेत प्लेटिंगच्या आम्लातला हायड्रोजन शिरतो आणि तार ठिसूळ होते. अशी क्लिप हातात चांगली वाटते, बसवतानाही काही होत नाही, आणि पिनवर बसलेली असताना रात्रीतून आपोआप तुटते. उपाय: प्लेटिंग झाल्यावर चार तासांच्या आत २०० अंशांच्या आसपास निदान आठ तास भाजून घेणं. प्लेटिंगवाल्याला हे लिहून द्या. तोंडी सांगितलं तर 'हो हो' म्हणतात आणि नग वाळवून पाठवून देतात. भाजण्याची सोय नसेल तर काळं करून तेल लावलेली क्लिप परवडली. शेतातल्या अवजाराला तेवढं पुरतं.

आता पहिली उघडझाप. खऱ्या पिनवर क्लिप पाच-सहा वेळा बसवा-काढा आणि गळा मोजा. ५ मिमीचा गळा ५.२ झाला तर चालेल. हे तिचं बसणं आहे, पुढे ती तशीच राहते. त्यानंतर पुन्हा वीसेक वेळा केल्यावरही गळा वाढतच असेल तर तार मऊ आहे किंवा डोळा लहान पडला आहे. ओढीचा जोर पाहायला डोळ्यात स्प्रिंग काटा अडकवून सरळ ओढा. पाच किलोच्या आत निसटली तर गळा अर्धा मिमी आवळा, दहा किलोच्या वर गेली तर ओठ आणि मागचा उतार थोडा सपाट करा. डोळ्याच्या आतल्या कडेला भिंगातून पाहा. बारीक आडवी रेघ दिसली तर नग भंगारात.

बसवताना

क्लिप वॉशरला टेकून, पिनच्या लांबीला काटकोनात सपाट बसली पाहिजे. कलून बसली तर भोक तिरकं पडलं आहे.

दिशाही पाहा. अवजार पुढे जाताना उसाचं पाचट, पऱ्हाट्या, गवत हे सगळं अवजारावरून मागे सरकतं. म्हणून डोळा पुढच्या बाजूला आणि शेपट्या मागे ठेवा. मग डोळ्याला काही अडकलं तरी ते क्लिपला आत ढकलतं. उलट लावली तर तेच पाचट तिला ओढून काढतं. पिन उभी असेल तर डोकं वर आणि क्लिप खाली ठेवा, म्हणजे क्लिप हरवली तरी पिन लगेच गळून पडत नाही.

डोळ्यात बारीक वायर रोप किंवा साखळी घालून ती अवजाराला बांधा. क्लिप तुटण्यापेक्षा चिखलात हरवण्याचं प्रमाण कितीतरी जास्त असतं. साखळी ढिली असावी. ताणलेली साखळीच क्लिप ओढून काढते.

हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक क्लिप काढून गळा मोजा आणि सरळ पायावर भोकाच्या कडेशी खाच पडली आहे का, ते नखाने चाचपून पाहा. नख अडकलं तर क्लिप बदला. सोबत भोकाचं चॅम्फरही बघा, कारण खाच तिथूनच पडलेली असते. ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये दोन-तीन जादा क्लिपा तेल लावून ठेवा.

दुसऱ्या मापाच्या पिनेसाठी

हीच रीत कुठल्याही पिनेला लागू पडते, फक्त आकडे बदलतात. ट्रॅक्टरच्या थ्री-पॉइंट लिंकेजमध्ये (अवजार तीन ठिकाणी जोडणाऱ्या दांड्यांमध्ये) पहिल्या कॅटेगरीची टॉप लिंकची पिन १९ मिमीची आणि खालच्या लिंकची २२ मिमीची असते, दुसरीत ती २५ आणि २८ होते. सुरुवातीला तार पिनच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढी, डोळ्याचा मध्यव्यास तारेच्या पाच पट आणि गळा खोबणीच्या उंचीच्या निम्म्याच्या आसपास धरा. मग वरचा ताणाचा हिशेब करा. आकडा तारेच्या ताणशक्तीच्या ७० टक्क्यांवर गेला तर आधी डोळा वाढवा, तरी जमलं नाही तर पाय लांब करा, आणि त्यानंतरच गळ्याला हात लावा. २५ मिमीच्या पुढे हा हिशेब जमवताना क्लिप फार लांब व्हायला लागते. डोळ्यात पाऊण वेढ्याऐवजी पावणेदोन वेढे घेतले तर ती आटोपशीर राहते. पण मग जिगमध्ये तार एकावर एक चढवावी लागते आणि वळवायला दुप्पट वेळ जातो. २८ मिमीच्या पिनेला मी सरळ लिंच पिन लावा म्हणतो.